चढाचा हिशेब

पर्युषण व दशलक्षण पर्व आटोपून क्षमावाणी झाली, की दिवाळीच्या वह्यांना हात घालण्याआधी व्यापारी घरांना तीन-चार आठवड्यांची थोडी उसंत मिळते. सांगली-सातारा भाग सायकलने पाहावयाचा असेल, तर वर्षातील तेच दिवस उत्तम. पाऊस ओसरलेला असतो, पण डोंगर अजून हिरवे असतात. कासच्या पठारावर फुले असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले नसते. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे साधा दिवाही नसताना अंधारात रस्त्याकडेला उभे असतात. त्या महिन्यांत या रस्त्यांवर सायकल काढण्याचा सल्ला मी तरी कोणाला देणार नाही. हळद शिजण्याचा वास घेत जायचे असेल तर मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वेगळी, केवळ नदीकाठची फेरी करावी, आणि तीही पहाटेच.

आमचा मार्ग सांगलीहून निघून भिलवडी, पलूस, कुंडल, देवराष्ट्रे, कडेगावमार्गे कऱ्हाड. तेथून चाफळचा फेरा घेऊन सातारा. आणि साताऱ्याहून यवतेश्वर, कास व बामणोली असा होता. चार दिवस, रोजची मजल शंभर किलोमीटरांच्या आत. आम्ही चौघे, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि चौघांचीही आयुष्ये गादी-तक्क्यावर गेलेली. सायकली साध्याच, पण मागे मोठे दातेरी चक्र बसवून घेतलेल्या. घाटात हलका गिअर नसेल तर गुडघे दुसऱ्याच दिवशी राजीनामा देतात.

सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, सातारा सातशे मीटरांच्या आसपास आणि कासचे पठार सुमारे १२०० मीटरांवर. मोटारीने जाणाऱ्याला हे आकडे जाणवत नाहीत. सायकलीवर प्रत्येक मीटर पायांतून वसूल होतो, आणि मग एक गोष्ट कळू लागते. या मुलखातील बाजारपेठा, कारखाने, पिके, पाण्याचे तंटे, इतकेच काय पण कोणाला किती उधार द्यायचे हा व्यवहारसुद्धा, चढ-उतारांनी ठरवलेला आहे.

उधारीचे उदाहरण घरचेच आहे. आमच्या आजोबांची सांगलीच्या गणपती पेठेत पेढी होती. सुगी झाली की ते उगराणीला सायकलने निघत. काळी, जड सायकल, मागे कॅरिअरला बांधलेली पिशवी, पिशवीत उगराणीची वही, पाण्याचा तांब्या आणि दशम्या. त्यांचा एक नियम होता : ज्या गावाला जाऊन सूर्यास्तापूर्वी घरी जेवायला परतता येत नाही, त्या गावात उधारी ठेवायची नाही. चौविहाराचा नियम आणि पतपुरवठ्याचा नियम असे एकच होऊन बसले होते. त्यांची वही घरात अद्याप आहे. तीत नांद्रे आहे, वसगडे आहे, भिलवडी आहे, पलूस-कुंडलपर्यंतची नावे आहेत. सागरेश्वराच्या डोंगरापलीकडचे एकही गाव नाही. ती वही लहानपणापासून पाहत आलो होतो; ती कुंडलपाशीच का थांबते, हे यंदा सागरेश्वराचा घाट चढताना समजले.

सांगलीहून कर्नाळ-नांद्रे-वसगडे हा रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना ऊस, हळद, मधूनच द्राक्षबागा. नांद्रे-वसगड्याला जिनमंदिरांची दर्शने घेऊन निघालो, तरी उन्हे वर येण्याआधी भिलवडीत पोहोचता आले. भिलवडीला कृष्णेचा घाट आहे. तेथे सायकली टेकवून अर्धा तास नुसते बसावे. चितळ्यांच्या दूधव्यवसायाची सुरुवात याच गावातली. काळ्या, खोल गाळाच्या जमिनीवर रस्ता कसा सरळ जातो, आणि गाळ संपून मुरूम लागला की तो कसा वळणे घेऊ लागतो, हे पलूसच्या पुढे डोळ्यांना दिसते.

येथेच किर्लोस्करवाडी लागते, आणि सायकलने हिंडणाऱ्याने तिला नमस्कार करूनच पुढे जावे. नांगर, पंप व इंजिने यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या उद्योगाचा आरंभ सायकलीपासून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जायलाच दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली, आणि १९१० साली निवडुंग व सापांच्या त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. स्टेशनचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. जमीन नापीक होती म्हणून मिळाली, आणि रेल्वे शेजारून जात होती म्हणून चालली. सपाट काळ्या रानात ऊस सोडून कारखान्याला कोणी जागा दिली असती का, हा प्रश्न सायकलीवरून तो माळ पाहताना सहज सुचतो.

कुंडल हे आपल्या वाचकांना परिचित असे तीर्थक्षेत्र. गावातील कलिकुंड पार्श्वनाथ आणि डोंगरावरील गिरी पार्श्वनाथ व झरी पार्श्वनाथ ही स्थाने पाहण्यासाठी सायकली खाली ठेवून पायीच वर जावे. झरी पार्श्वनाथाच्या गुहेत खडकातून पाणी झिरपते, नावही त्यावरूनच. माथ्यावरून दक्षिणेकडे कृष्णेचा हिरवा पट्टा दिसतो, आणि त्याच्या कडेला तो पट्टा जेथे संपतो ती रेषा. एवढी स्पष्ट रेषा नकाशातही क्वचितच असते. पत्री सरकार म्हणून ओळखल्या गेलेल्या १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र होते. ही डोंगररांग व तिच्यातील आडवाटा पाहिल्या, की त्या मंडळींनी हा मुलूख का निवडला असेल याचा अंदाज येतो.

कुंडल सोडून ताकारीच्या अंगाने सागरेश्वराचा घाट चढू लागलो, तेव्हा दुपार कलली होती. घाट फार उंच नाही. मोटारीला तो जाणवतही नसेल. पण ओझे लादलेल्या एका गिअरच्या सायकलीने, परतीचाही विचार करून, तो चढणे म्हणजे सूर्यास्ताची वेळ हमखास चुकणे. आजोबांची वही थांबते ती नेमकी येथे.

या चढावर आणखी एक प्रवासी आपल्यासोबत असतो, तो म्हणजे पाणी. ताकारी उपसा योजनेतून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, तासगाव तालुक्यांच्या कोरड्या माथ्यांकडे नेले जाते. हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी १०० मीटर वर न्यायला, कोणतीही गळती न धरता, साधारण पाव युनिटाहून थोडी अधिक वीज लागते. पंपातले व नळातले नुकसान धरले की त्याहून बरीच जास्त. एका एकरावर चार इंच पाणी साचवायचे म्हणजे चार लाख लिटर. उपसा योजनेच्या वीजबिलावरून या भागात वर्षानुवर्षे का वाद होतात, हे वर्तमानपत्रात वाचून जे कळत नाही ते घाटात धापा टाकताना दोन मिनिटांत कळते. चढ कोणाला फुकट चढू देत नाही. मात्र पाणी पोहोचल्यावर पलीकडच्या रानांचा रंग बदललेला आहे, हेही तितकेच खरे. देवराष्ट्र्याकडे उतरताना दोन्ही बाजूंना ऊस होता. आज आजोबा असते, तर उगराणीची हद्द त्यांनी बहुधा वाढवली असती.

सागरेश्वर अभयारण्य याच घाटात आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून, कुंपण घालून, हरणे आणून सोडून उभे केलेले हे अरण्य. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून ते साकारले. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. सकाळच्या वेळी येथे चितळांचे कळप दिसतात. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. ते जन्मघर पाहून आम्ही कडेगावचा रस्ता धरला आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला आलो. किर्लोस्करवाडीची ही धाकटी बहीण : १९१६ सालचा ओगल्यांचा काच कारखाना, ज्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्रातील किती पेढ्यांचे रात्रीचे मेळ जुळले असतील कोण जाणे. हाही संस्थानी माळावरचा, हाही रेल्वेच्या कडेचा.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि एकदम पूर्वेला वळतात. या प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे. दोन्ही नद्या महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून वेगवेगळ्या खोऱ्यांतून येथवर येतात. आपण तिसऱ्या दिवशी ज्या पठारावर चढणार, तो या दोन खोऱ्यांमधलाच कणा.

कऱ्हाडहून दक्षिणेला काही किलोमीटरांवर काले हे गाव आहे. मार्गात नसूनही आम्ही तेथे जाऊन आलो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना येथे केली. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव उमेदीच्या काळात किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी खेडोपाडी हिंडत असत. विक्रेत्याची ती भटकंती वाया गेली नाही. कोणत्या खेड्यात शाळा नाही, कोणत्या वाडीवरचे मूल हुशार असून गुराखी झाले आहे, हे ज्याने वाडी-वाडीवर मुक्काम केला त्यालाच दिसणार. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यास गेली, तेथे धनिणीच्या बागेत सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह चालले. एकदा मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. व्यापारानिमित्त केलेल्या प्रवासातून याहून मोठे काही निपजल्याचे उदाहरण मला माहीत नाही. आपल्या घरातील तरुण आता मालाचे नमुने मोबाईलवर पाहून सौदा करतात. त्यात गैर काही नाही, वेळ वाचतो. पण नमुन्यामागचे गाव दिसत नाही.

दुसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण उंब्रज ते सातारा या टप्प्यात पुणे-बंगळूर महामार्ग टाळता येत नाही. सेवारस्ता जेथे आहे तेथे तो धरावा, नाही तेथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर राहावे, आणि हे अंतर सकाळीच उरकावे. त्याआधी उंब्रजहून चाफळचा फेरा मात्र अवश्य घ्यावा. समर्थ रामदासांनी स्थापन केलेले राममंदिर, भोवती डोंगरांची कड, भाताची खाचरे, आणि मोटारींची वर्दळ जवळजवळ नाही.

परदेशात अशा प्रवाशांची सोय कशी असते, हे वाचनात आले होते. वेल्स हा ब्रिटनचा डोंगराळ प्रांत. तेथे दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर टोकाच्या होलीहेड बंदरापर्यंत सुमारे ४०० किलोमीटरांचा 'लोन लास कम्री' नावाचा सायकलमार्ग आखलेला आहे. बहुतेक नवा रस्ता बांधलेला नाही. मेंढरांच्या कुरणांमधले जुने ग्रामीण रस्तेच एकमेकांना जोडून प्रत्येक फाट्यावर निळ्या पाटीवर क्रमांक दिलेला आहे. आपल्याकडे रस्ते आहेत, गावे आहेत, माया तर उदंड आहे, फक्त पाट्या नाहीत. फाट्यावर थांबून विचारावे लागते, आणि विचारले की चहा घ्यावाच लागतो. तरीही किर्लोस्करवाडी ते काले अशा मार्गावर पाच-पन्नास पाट्या लावण्याचा खर्च एखाद्या व्यापारी संघाला जड नाही.

खाण्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण हा प्रश्न घरून निघताना प्रत्येकाने विचारला. महामार्गावर व घाटमाथ्यावर जे सहज मिळते ते बटाटावडा आणि कांदाभजी. आमच्यापैकी दोघांना ते वर्ज्य. पण त्यामुळे अडले नाही. खाकरे, मेथीचे लाडू, भाजलेले शेंगदाणे व गूळ हा साठा पिशवीत होता, आणि वाडीवर आदल्या रात्री निरोप धाडला की ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, दही मिळतेच. 'कांदा-लसूण नको' म्हटले की माउली आधी आश्चर्य करते आणि मग 'आमच्याकडंबी चातुर्मासात नसतो' म्हणून हसते. उकळून गार केलेले पाणी मुक्कामाहूनच भरून घ्यावे. ऑक्टोबरच्या आरंभी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. म्हणजे साडेपाचला मुक्कामी पोहोचून ताटावर बसले पाहिजे. हा नियम सायकलस्वाराला फार हिताचा आहे. अंधारात रस्त्यावर राहण्याचा प्रसंगच येत नाही.

तिसऱ्या दिवशी सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पाहून साताऱ्यात परतलो. माथ्यावर वारा इतका होता, की सपाटीवरही उताराचा गिअर कामाला येईना. कंदी पेढ्यांची खरेदी झाली. ती पार्सलने घरी पाठवली, कारण पुढे यवतेश्वर होता.

यवतेश्वराचा घाट साताऱ्याच्या वेशीपासूनच सुरू होतो. याच घाटात दरवर्षी डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते आणि हजारो लोक धावतात, हे ठाऊक असल्याने तक्रारीला जागा नव्हती. साताऱ्याहून कास सुमारे २५ किलोमीटर. चढाचा मोठा भाग यवतेश्वरपर्यंतच. पहाटे पाचला निघालो. शहराचे दिवे पायाखाली जाऊ लागले, तसा मी मनातल्या मनात हिशेब मांडला. मी, सायकल आणि पिशव्या मिळून ९५ किलो. पाचशे मीटर वर न्यायला निव्वळ काम किती? एका युनिट विजेचा सातवा-आठवा भाग. काही पैशांचा खेळ! पण शरीर हे काटकसरी यंत्र नव्हे. खाल्लेल्याच्या जेमतेम पाव हिश्शाचे ते काम करते. म्हणजे चार-साडेचारशे कॅलरी, अर्थात तीन भाकऱ्या. कोकणातून मीठ, नारळ, मासळी आणि वरून धान्य, गूळ, हळद घेऊन जे बैलांचे तांडे सह्याद्रीचे घाट चढत-उतरत, त्यांच्या चाऱ्याचा हिशेब असाच असणार. वाहतूक महाग तेथे माल हलका व मोलाचा हवा, हे तत्त्व आमच्या वाडवडिलांना कोणा पुस्तकाने शिकवले नव्हते.

कासविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. सातशे-आठशे जातींच्या फुलझाडांचे हे पठार पश्चिम घाटाच्या स्थळांसोबत २०१२ साली जागतिक वारशात गेले. फुलांच्या दिवसांत प्रवेशशुल्क असते, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असते. आगाऊ नोंदणी करावी. आम्हाला गेंद, तेरडा, कवला आणि सोनकी भेटली. सीतेची आसवे नावाचे इवले जांभळे फूल पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात. जांभ्याच्या खडकावर मातीचा थर कोठे बोटभर, कोठे तेवढाही नाही. भिलवडीला माणूसभर खोल काळी जमीन पाहिलेल्या आम्हा लोकांना ही दरिद्री भूमी अशी नटलेली पाहून नवल वाटले. या मातीत दुसरे काही तगत नाही, म्हणून ही फुले तगली. पायवाट सोडून एक पाऊलही आत टाकू नये; पायाखाली काय चिरडते ते दिसतसुद्धा नाही. कासच्या तलावाचे पाणी खाली सातारा शहराला जाते. येथे चढाचा खर्च नाही, पाणी उताराने येते.

कासपासून बामणोलीपर्यंतचा उतार तीव्र आहे. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, दाबून सोडावेत. नाहीतर रिम तापते. वळणावळणाला झाडी दाट होत जाते आणि एकाएकी खाली शिवसागराचे पाणी पसरलेले दिसते. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. पाणी तंटा लवादाने घातलेल्या मर्यादेपर्यंत, वर्षाला ६७.५ टीएमसी, पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज केली जाते, आणि ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. उरलेले कऱ्हाडकडे, म्हणजे आपण ज्या संगमावर बसलो होतो तिकडे येते. पश्चिमेला पाणी पडते त्याची वीज, आणि पूर्वेला ताकारीसारख्या ठिकाणी वीज खर्चून पाणी चढवायचे. विजेच्या तारांत कोठली वीज कोठे गेली हे ओळखता येत नाही, पण खातेवहीच्या दोन बाजू या दोन उतारांवर आहेत, एवढे चार दिवसांत पक्के झाले.

बामणोलीत रस्ता पाण्यात शिरतो. अक्षरशः शिरतो, जुनी वाट पुढे खालीच आहे. धरणासाठी या खोऱ्यातील गावे १९६० च्या सुमारास उठली. काही कुटुंबे वर सरकली, काही सोलापूर, सांगली, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत पाठवली गेली. साठ वर्षे उलटली तरी त्यांतील अनेकांना जमिनीचे हक्क पुरते मिळालेले नाहीत, आणि त्यासाठीची आंदोलने आजही होतात. ज्या बोटीने आम्ही पाण्यावर फेरी मारली, तिच्या चालकाने हात करून एक जागा दाखवली. तेथे आजोबांचे घर होते, म्हणाला. पाणी फार उतरले तर मे महिन्यात जोते दिसते. बाजाराला त्या वेळी लोक कोठे जात, असे मी सवयीने विचारले. 'मेढ्याला नाहीतर साताऱ्याला. डोक्यावर बोजा घेऊन, चालत,' तो म्हणाला. आणि उधार? 'ते वाणी देत होते. गाव उठलं तवा लोकांनी फेडून टाकलं म्हनत्यात, मगच निघाले.'

संध्याकाळचे चार वाजत आले होते. जेवण पाच वाजता मिळेल, असे काठावरच्या घरातून सांगणे आले. उद्या पहाटे पुन्हा कासपर्यंतचा चढ होता.